मुळे फुटल्यानंतरची काळजी : आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

करवीर तालुक्यातील आमची रोपवाटिका सुरुवातीला आंबा, नारळ आणि कुंडीतल्या फुलझाडांवर चालत असे. अंजीर हे पुरंदरचे, कमी पावसाच्या पट्ट्यातले फळ. कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात त्याचा टिकाव कसा लागणार, अशी शंका होती. परंतु 2016 साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर परसात एखादे झाड हवे म्हणून विचारणा वाढली, आणि आम्ही छाट कलमांकडे, म्हणजे झाडाची काडी कापून तिला मुळे आणण्याकडे, वळलो.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व काडीला मुळे आणणे फारसे अवघड नाही. कसोटी लागते ती त्यानंतर. काडीतल्या साठ्यावर पालवी बहुधा आधी फुटते आणि मुळांचा पत्ता नसतानाही रोप तजेलदार दिसते; ते पाहून पाणी व खत वाढवले की घात होतो. नवे मूळ पांढरे आणि इतके ठिसूळ असते की बोटाच्या धक्क्यानेही तुटते. काडी लावलेल्या मातीच्या मिश्रणात हवा खेळती नसेल तर ते काळे पडून कुजते, पाने माना टाकतात, आणि रोपाला तहान लागली असे समजून माणूस आणखी पाणी घालतो. आमच्या अनुभवात अंजिराची रोपे तहानेपेक्षा मायेनेच अधिक मरतात.

म्हणून आमच्याकडे पाण्याचे वेळापत्रक नाही. पाणी देणाऱ्या मावशी प्रत्येक पिशवी हाताने उचलून पाहतात आणि ती हलकी लागली तरच पाणी देतात. पहिली मुळे पारदर्शक पेल्यात वाढवतो. ती तपकिरी होऊन कडेने जाळी धरू लागली, की मातीचा गोळा न फोडता रोप मोठ्या पिशवीत जाते, आणि खताचा पहिला हलका हात त्यानंतरच फिरतो. रोपांवरचे, दमटपणा राखणारे आच्छादन थोडे थोडे उघडत न्यावे लागते. मग शेडनेट, मग सकाळचे कोवळे ऊन. ही पायरी गाळली तर पाने करपतात.

पावसाळ्यात तांबेरा या पानांवरच्या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते, त्यामुळे रोपे प्लास्टिकच्या छताखाली, हवा फिरेल इतक्या अंतरावर ठेवतो आणि पाणी पानांवर पडू देत नाही. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि पाठवणीची रोपे जागीच अडकली. तेव्हापासून अंजिराची पाठवणी गणपती झाल्यावरच करतो. मृगात लावणीची सवय असलेले गिऱ्हाईक कुरकुरते. तरी अंजिरापुरता हा आग्रह सोडावा, असे आमचे ठाम मत आहे.

शिरोळकडच्या काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीसाठी रोप मागणाऱ्यांना आधी चर काढून उंचवटा करायला सांगतो. ते काम होईपर्यंत त्यांची रोपे आमच्याच शेडमध्ये राहतात, आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.