नकाशातला पडीक माळ

माण तालुक्यातील एका गावासाठी आम्ही पाणलोट विकासाचा आराखडा करत होतो. आमच्या हाती आलेल्या नकाशावर गावाच्या उत्तरेकडचा सगळा माळ फिकट पिवळ्या रंगात होता आणि सूचीत त्या रंगासमोर ‘पडीक जमीन’ असे लिहिलेले होते. खालचे शिवार हिरवे, म्हणजे शेती. ‘माथा ते पायथा’ हा पाणलोटाच्या कामाचा क्रम आम्हा सर्वांना पाठ होता, त्यामुळे माथ्यावर पिवळा रंग दिसताच तिथे पाणी अडवून मुरवणारे सलग समतल चर घ्यायचे, हे आमच्या मनात ठरूनच गेले. दोन फूट रुंद आणि फूटभर खोल चरांच्या रेषा त्या माळावर समपातळीत मीच संगणकावर आखल्या होत्या, हे आधीच सांगून टाकते.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणदेशात जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरातल्या मोजक्या जोरदार सरींचा असतो. त्या चार-पाच सरींचे पाणी कुठे मुरते आणि कुठून निसटून माणगंगेवाटे आटपाडी, सांगोल्याकडे भीमेला जाते, यावर गावाचा टँकर मार्चमध्ये सुरू होणार की मेमध्ये, हे ठरते.

आमच्याकडचा नकाशा १:५०,००० मापाचा होता. या मापात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. ओढ्याकाठची वीस मीटर रुंदीची गवताची पट्टी अशा नकाशावर दाखवायचीच म्हटली, तरी ती पेन्सिलीच्या रेघेएवढी होईल. जिल्ह्याचे नियोजन करायला हे माप पुरेसे असते. मात्र पाचशे हेक्टरांच्या आसपासच्या सूक्ष्म पाणलोटात कुठला बांध कुठे घालायचा, हे त्यावरून ठरवणे धाडसाचे होते. म्हणून मी युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमा घेतल्या. पहिला उपग्रह २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये सोडला गेला. दोघे मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जात आणि प्रतिमा विनामूल्य मिळत. त्यांच्या दृश्य आणि निकट-अवरक्त प्रकाशाच्या पट्ट्यांतला प्रतिमेचा एक चौकोन जमिनीवरच्या १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरांहून किंचित मोठा. उपग्रह बनवणाऱ्यांना गुंठा ठाऊक असण्याचे कारण नाही, तरीही गावात नकाशा समजावताना ‘यातला एक ठिपका म्हणजे तुमचा एक गुंठा’ एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही.

मेमधली एकच प्रतिमा पाहिली असती, तर जुनीच चूक बारीक ठिपक्यांत पुन्हा झाली असती. उन्हाळ्यात वाळलेले गवत, काढणी झालेले ज्वारीचे रान आणि उघडा मुरूम हे तिन्ही वरून जवळपास सारखेच फिकट दिसतात. वेगळेपण कळते ते वर्षभराचा क्रम लावल्यावर. बाजरीचे रान ऑगस्टमध्ये हिरवे होते आणि काढणीनंतर ऑक्टोबरात उघडे पडते. शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, रान पावसाळाभर उघडे राहून डिसेंबर-जानेवारीत हिरवे होते. डाळिंबाची जुनी बाग बाराही महिने थोडीफार हिरवी असते, तर गवत ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हिरवे राहून पुढे पिवळे पडते. पावसाळ्यातल्या ढगांनी बऱ्याच प्रतिमा वाया गेल्या, पण उरलेल्या पुरेशा होत्या. सगळ्या तारखा एकत्र बसवल्यावर माळावरचा तो एकसंध पिवळा रंग फुटला आणि त्यातून दाट गवत, विरळ गवत, झुडपे, उघडा कातळ-मुरूम आणि नुकतीच सपाट केलेली जमीन असे पाच प्रकार निघाले. खालच्या हिरव्या शेतीचा मोठा भाग सप्टेंबरात उघड्या मातीचा दिसत होता. मला आधी ही वर्गीकरणातली चूक वाटली.

ती तपासायलाच सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही गावात गेलो. नकाशावर शंभरेक ठिकाणे निवडून ठेवली होती आणि प्रत्येक ठिकाणी उभे राहून, संगणक काय म्हणतो आणि पायाखाली काय आहे, हे ताडून पाहायचे होते. सोबत सत्तरीचे एक मेंढपाळ आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत, म्हणून आम्हीही. माळावर मी ठिकाणामागून ठिकाणी वहीत नुसते ‘गवत’ लिहीत गेले, तेव्हा आप्पांनी काठीने एक झुबका उकलून मला थांबवले. एक होती कुसळी, बाजूचा पवन्या आणि खोलगट जागेत मारवेल. चराई वाढली की पवन्या आणि मारवेल मागे हटतात आणि कुसळी पुढे सरकते. त्यामुळे कुठे काय उगवले आहे, यावरून त्या जागेवर किती जनावर फिरले, हे ते सांगू शकत होते. माझ्या नकाशातला दाट आणि विरळ यांतला फरक बहुतेक ठिकाणी त्यांच्या पवन्या आणि कुसळीच्या सीमेवरच पडत होता. चरांच्या रेषा दाखवल्या, तेव्हा मात्र ते सरळ बोलले.

“ताई, ह्याला पडीक कोन म्हनतंय? पडीक खालची रानं हायती. ऐन पावसात नांगरून उघडी टाकल्यात.”

शाळूची पेरणी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात होते, म्हणून रब्बीची राने पावसाळाभर नांगरून मोकळी ठेवण्याची इथली जुनी रीत आहे. मी ज्याला संगणकाची चूक समजत होते, ते वास्तवच होते. सूचीतला ‘शेती’ हा शब्द जमीन कशासाठी वापरतात हे सांगतो; सर कोसळते त्या दिवशी जमिनीवर काय पांघरलेले आहे, हे तो सांगत नाही. भूवापर आणि भूआच्छादन यांतला हा फरक मी अभ्यासक्रमात शिकले होते आणि परीक्षेत लिहिलाही होता.

दुपारी अडीचच्या सुमारास ढग दाटून आले. आम्ही मरीआईच्या देवळात शिरलो आणि तास-सव्वा तास पाऊस नुसता कोसळत राहिला. नंतर शाळेतल्या पर्जन्यमापकात पाहिले, तर पन्नास मिलिमीटरच्या जवळपास भरला होता. देवळाच्या खाली दोन ओढे एकमेकांना मिळतात. डावा माळावरून येतो, उजवा शिवारातून. पाऊस सुरू होऊन वीसेक मिनिटे झाली, तोच उजवा ओढा गर्जत आला. पाणी गढूळ, तांबूस-करडे, त्यात काडीकचरा आणि ठिबकच्या नळीचा एक तुकडा. डावा ओढा तेव्हा अजून दगडांमधून झिरपत होता. तो बऱ्याच वेळाने वाढला आणि वाढल्यावरही त्याच्या पाण्यातून तळाचे दगड दिसत होते. संगमाच्या खाली बऱ्याच अंतरापर्यंत दोन रंग शेजारी शेजारी वाहत होते. माळाचा उतार शिवारापेक्षा जास्त आहे, म्हणजे उतारावरून बांधलेला कोणताही अंदाज याच्या उलट गेला असता.

पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या रिकाम्या करून मी दोन्ही ओढ्यांचे पाणी भरून घेतले आणि गाडीत उभ्या ठेवल्या. संध्याकाळी उजव्या बाटलीच्या तळाशी दोन बोटे गाळ बसला होता; डावीत नखाएवढा थर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, तर उजव्या ओढ्यात डबकी उरली होती आणि डावा बारीक धारेने वाहत होता. एका सरीवरून शास्त्र सिद्ध होत नाही आणि पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला असेल, असेही मी शपथेवर सांगणार नाही. पण उजव्या ओढ्यावरचा, १९७२ च्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव गाळ काढूनही पुन्हा पुन्हा का भरतो, हा गावाचा जुना प्रश्न त्या दोन बाटल्यांपुढे फारसा कोड्यात टाकणारा राहिला नाही.

कार्यालयात परतल्यावर मी अपधावाचा, म्हणजे न मुरता वाहून जाणाऱ्या पाण्याचा, हिशेब नव्याने केला. त्यासाठी कर्व्ह नंबर ही अमेरिकेत तयार झालेली पद्धत आपल्याकडेही वापरतात; तिच्यात आकडा जितका मोठा, तितके जास्त पाणी वाहून जाते. तिच्या मूळ कोष्टकात पाणी सावकाश मुरणाऱ्या तिसऱ्या गटातल्या मातीवर उघड्या रानाचा आकडा ९१ आहे, तीन चतुर्थांशांहून अधिक जमीन झाकणाऱ्या चांगल्या कुरणाचा ७४ आणि निम्म्याहून कमी झाकणाऱ्या, अति चरलेल्या कुरणाचा ८६. ५० मिलिमीटरच्या सरीत उघड्या रानावरून सुमारे २९ मिलिमीटर पाणी वाहून जाते, चांगल्या कुरणावरून साडेआठ आणि खराब कुरणावरून २१. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे माती तीच धरली, तर चांगले गवत आणि उघडे रान यांच्यात एका सरीला, एका हेक्टरमागे, दोन लाख लिटरांचा फरक पडतो. गावात मी तो दहा हजार लिटरचे वीस टँकर असा सांगितला. यातला तिसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटला, कारण ‘कुरण’ एवढाच एक रंग दिला असता, तर साडेआठ आणि एकवीस एकाच रंगाखाली गेले असते.

दाट गवतावर आखलेले चर मी पुसून टाकले. ते खोदले असते, तर मुळांनी धरून ठेवलेला थर फोडून आम्हीच मुरूम उघडा पाडला असता. चर फक्त उघड्या मुरमाच्या पट्ट्यांवर ठेवले, घळींमध्ये अनगड दगडी बांध दाखवले आणि विरळ गवताच्या भागात पाळीपाळीने चराईबंदी सुचवली. तिच्या पाळ्या मेंढपाळांनी स्वतः बसून ठरवल्या, आणि आमच्या मसुद्यातल्या पाळ्यांपेक्षा त्या अधिक शहाण्या निघाल्या. वाचलेला निधी शिवारात बांधबंदिस्तीकडे वळवला. खरिपात रानावर मुगाचे आच्छादन घ्यावे, ही माझी सूचना शेतकऱ्यांनी फेटाळली. मूग घेतला तर शाळूला ओल पुरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ओलीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याइतका माझा अधिकार नाही. उताराला आडवी नांगरट आणि बांधावर मारवेल, एवढ्यावर आमचे जमले. सातबारावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेल्या ओढ्याकाठच्या गवतपट्ट्या, रुंदीने दोन ठिपक्यांच्या, जशाच्या तशा राखायचे ठरले.

सपाटीकरणाच्या बाबतीत मात्र काही जमले नाही. उजव्या पाणलोटात डाळिंबासाठी उतार फोडून सपाट केलेल्या जमिनी गाळाचा मोठा वाटा पाठवत होत्या. त्यांतल्या एका बागाईतदाराने मला शांतपणे विचारले, की आजोबांच्या काळापासून त्या माळाने घराला काय दिले? डाळिंबावर त्यांच्या दोन मुलींचे शिक्षण चालले होते. बागेच्या खालच्या कडेला ताल, म्हणजे बांध, घालायला ते तयार झाले आणि त्यांनी तो घातलाही.

आराखडा पुढे पाठवताना छापील तक्त्यात दाट गवतासाठी रकाना नव्हता. ते सगळे क्षेत्र मला ‘पडीक’ या रकान्यातच लिहावे लागले, आणि शेऱ्याच्या जागेत मावेल तेवढे स्पष्टीकरण मी बारीक अक्षरात लिहिले. दर जानेवारीत त्या गावाची प्रतिमा उतरवून पाहायची मला सवय लागली आहे. गेल्या जानेवारीत डाव्या पाणलोटाच्या वरच्या कडेला, आप्पांनी पवन्या दाखवला होता त्याच बाजूला, काटकोनी कडांचे पांढरे ठिपके दिसले. मी ते मोजले. एकोणचाळीस होते, म्हणजे एक एकराला एक गुंठा कमी.