गाणे कोणाच्या ओठी ठेवायचे?

नववीच्या वर्गात शुक्रवारचा शेवटचा तास मराठीचा असे. ते 2003-04 हे वर्ष होते. त्या तासाला बाई पाठ्यपुस्तक मिटून ठेवायला सांगत आणि कार्यालयातून आणलेला टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवत. त्याचे झाकण नीट बसत नसल्यामुळे त्याला रबरबँड लावलेले असे. कॅसेटची फीत सैल झाली की पहिल्या बाकावरची मुलगी त्यात पेन्सिल घालून ती गुंडाळून देई; वर्षभर ते काम माझ्याकडे होते. तासाचा अभ्यास म्हणाल तर एवढाच, की वाचलेल्या गोष्टीतल्या वाढत्या वयाच्या मुलाला किंवा मुलीला शोभेल असे गाणे शोधायचे, वहीच्या डाव्या पानावर पात्राचे नाव व उजव्या पानावर गाणे लिहायचे आणि ते का निवडले हे उभे राहून सांगायचे. शाळेने मला जे जे दिले त्यात या तासाचे ऋण मी सर्वांत मोठे मानते. म्हणूनच अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेत मी त्याविषयीच लिहीत आहे.

सुरुवातीला आम्ही केवळ विषय पाहून गाणी लावत होतो. ‘श्यामची आई’ समोर येताच जवळजवळ अर्ध्या वर्गाने माधव जूलियन यांची ‘प्रेमस्वरूप आई’ लिहिली, कारण ती सर्वांना पाठ होती. बाईंनी उत्तर चूक ठरवले नाही, फक्त विचारले, “ही कविता आई असलेल्या मुलाची आहे, की आई गेलेल्या माणसाची?” वर्ग गप्प झाला. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि त्यात एक मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्री आपल्या लहानपणीच्या आठवणी सांगतो, हे आम्ही वाचले होते. पण पुस्तकात त्यामुळे दोन श्याम आहेत, हे त्या दिवशी प्रथम लक्षात आले. कविता सांगणाऱ्या श्यामची होती, पोहायला जायचे नाही म्हणून माळ्यावर लपणाऱ्या श्यामची नव्हती.

लहान श्यामला मग कोणते गाणे द्यायचे? आचार्य अत्रे यांच्या 1953 च्या चित्रपटातील ‘भरजरी गं पितांबर’ हे गाणे मी सुचवले. वसंत देसाई यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज असलेली ती कॅसेट आमच्या घरी होती. कृष्णाचे बोट कापले तेव्हा द्रौपदीने आपले भरजरी वस्त्र फाडून त्याला चिंधी दिली, ही त्या गाण्यातली गोष्ट. ते लावून झाल्यावर बाईंनी पुस्तक उघडून आंघोळीचा प्रसंग वाचला. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला तिचे लुगडे धोंड्यावर पसरायला लावतो, आणि पायांना जपतोस तसे मनालाही घाण लागू नये म्हणून जप, असे ती त्याला सांगते. गाण्यात एका बाईने वस्त्र फाडले, गोष्टीत दुसरीने ते पायांखाली घातले. गाणे आणि गोष्ट इतक्या जवळ येऊ शकतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवले. चित्रपटाचे गाणे श्यामच्या त्या काळच्या पालगड गावात असणे शक्य नव्हते, हे खरे. परंतु चिंधीची ती कथा तिथल्या कोणत्याही आईने आपल्या मुलाला सांगितली असती, आणि बाईंना तेवढा आधार पुरेसा वाटला.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी 2004 मध्ये आली आणि दहावीच्या वर्षी ती आमच्या हाती पडली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर ही आमच्याच वयाची दोघे, त्यामुळे तिथे गाण्यांचा पाऊस पडला आणि सर्वांत जास्त मते मंगेश पाडगावकरांच्या ‘शुक्रतारा, मंद वारा’ला मिळाली. माझा त्याला विरोध होता आणि तो आजही आहे. ते युगुलगीत आहे. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा त्यात एकमेकांना साद देतात, एकाने सोडलेली ओळ दुसरा उचलतो. मुकुंदाला हेच तर मिळत नाही! त्याचे बहुतेक बोलणे मनातल्या मनात चालते. समोर यावे, काही विचारावे आणि उत्तर मिळावे, एवढ्यासाठी तो दिवस दिवस घालवतो. म्हणून मी पाडगावकरांचेच, यशवंत देव यांनी चाल दिलेले ‘भातुकलीच्या खेळामधली’ हे गाणे त्याच्या नावापुढे लिहिले. त्यातही आवाज अरुण दाते यांचाच, पण तो एकटा आहे. बाईंनी मात्र एक अट घातली. त्या गाण्याला डाव मोडणार हे आधीपासून माहीत आहे, मुकुंदाला ते माहीत नाही, तेव्हा ते शेवटच्या पानाआधी कुठेही लावायचे नाही. एखादे गाणे पात्राला शोभत असूनही चुकीच्या पानावर वाजू शकते, हा विचार तोवर आम्हाला सुचला नव्हता.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मधल्या लंपनच्या समोरचे पान मात्र बरेच दिवस कोरे राहिले. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा हा मुलगा इतके बारीक ऐकतो आणि पाहतो की त्याला बाहेरून गाणे देणे आगाऊपणाचे वाटे. शेवटी बाईंनीच इंदिरा संत यांची ‘नको नको रे पावसा’ ही कविता संथ लयीत म्हटली आणि मग सांगितले की लंपनचे लेखक हे या कवयित्रीचे चिरंजीव. कवितेत लहान मुलगा कुठेच नाही. चंद्रमौळी घर आहे, दारात सायली आहे आणि पावसाची विनवणी करणारी एकटी स्त्री आहे. लंपन जिथे नाही त्या घरात काय चालले असेल, ते त्या कवितेतून आम्हाला ऐकू आले.

एकदा एका मैत्रिणीने उभे राहून विचारले, “बाई, डाव्या पानावर सगळे मुलगेच कसे?” प्रश्न रास्त होता. आमच्या वाचनात आलेल्या मोठे होण्याच्या गोष्टी मुलग्यांच्या होत्या. मुलींच्या वाट्याला गोष्ट आलीच नव्हती, भोंडल्याची गाणी तेवढी आली होती, आणि ती आम्ही दर आश्विनात म्हणत होतो. पाटावर हत्ती मांडून त्याच्याभोवती फेर धरणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुली ‘कारल्याचा वेल लाव गं सुने’ म्हणतात. सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते आणि सासू आधी वेल लाव, मग त्याला फूल येऊ दे, मग कारले येऊ दे, असे एकेक काम पुढे करत राहते. खिरापतीत काय असेल याकडे लक्ष असलेल्या मुलींच्या तोंडी सासरचे हे सारे आयुष्य आधीच घातलेले असते. त्या दिवशी आम्ही वही उलटी केली. उजव्या पानावर भोंडल्याची गाणी लिहिली आणि डाव्या पानावर त्या सुनेची गोष्ट आम्ही स्वतः रचली. तिला नाव दिले, वय दिले, माहेरच्या अंगणातले पारिजातकाचे झाड दिले. माझ्या मते तो आमचा सर्वांत चांगला तास होता.

मी आता कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि हाच तास घेते. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ मुलांना दाखवला की त्यातल्या शाळकरी जब्याच्या नावापुढे बहुतेक जण ‘तुझ्या पिरतीचा हा इंचू’ लिहितात. अजय-अतुल यांचे ते गाणे चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी होते, प्रत्यक्ष चित्रपटात ते नाही. जब्याच्या मनातली शालू त्या गाण्यात मोकळेपणाने आहे, आणि चित्रपटात तशा मोकळेपणाला जागाच ठेवलेली नाही. गेल्या वर्षी मात्र एका मुलाने उजव्या पानावर ‘जन गण मन’ लिहिले. डुकराच्या मागे धावणारे जब्याचे घर, शेजारच्या शाळेतून ऐकू आलेले राष्ट्रगीत, ताठ उभे राहिलेले सारे आणि तेवढ्यात निसटून जाणारे डुक्कर, हा तो प्रसंग. “सर, का?” असे शेजारच्याने गमतीने विचारले तेव्हा तो म्हणाला, “पूर्ण चित्रपटात जब्याच्या शाळेतले हे एकच गाणे त्याच्यापर्यंत पोहोचते.”

बाईंना मी त्याच संध्याकाळी दूरध्वनी केला. त्यांनी त्या मुलाचे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले आणि नंतर विचारले, “त्याने ते कुठल्या पेनाने लिहिले होते ग? आपल्या वेळी तुम्ही गाणी पेन्सिलीने लिहीत होतात, बदलता यावीत म्हणून.” मी दुसऱ्या दिवशी वही पाहिली. त्याने शाईने लिहिले होते.