पाकिटावरचं जायफळ

तपकिरी रंगाचा उबग आलाय. कॉफीचं काम म्हटलं की फायलीत आपोआप तेच जमा होतं: पोत्याचं टेक्श्चर, दोन दाणे, कपावर तीन नागमोडी वाफा. देवनागरीत तर आणखी एक मोह असतो. ‘कॉ’वरच्या चंद्राची वाटी दिसली की तिच्यातून वाफ काढायला हात शिवशिवतात. मीही काढली, पुसली.

म्हापशातल्या एका छोट्या रोस्टरच्या, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याच्या, पाकिटाचं डिझाइन करतेय. २५० ग्रॅम, ७० टक्के कॉफी, ३० टक्के चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड. दाणे चिकमगळूरचे, भाजणी इथली. मालकांचं एकच म्हणणं, “निळे टायल्स घाल गे, टुरिस्टांक आवडटात.”

आवडतात, खरं आहे. मलाही आवडतात. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात अशा निळ्या पोर्तुगीज धाटणीच्या टाइल्सवर पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत, ते बघायला मी अजूनही वाट वाकडी करून जाते. पण तोच निळा आता मेनूकार्डावर, झोळीवर, कोस्टरवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर. शिवाय या दाण्याने लिस्बन बघितलेलंच नाही. सूफी संत बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरावर लावल्या असं सांगतात. आपल्याकडे येते ती कॉफी तिथून, घाट उतरून.

अर्थात कॉफीच्या वेष्टनांनी सत्य बोलायची शपथ कधीच घेतली नव्हती. न्यूयॉर्कचा तो निळा-पांढरा कागदी कप घ्या. ग्रीक नक्षीची किनार, मधे प्राचीन सुरई, सोनेरी अक्षरांत ‘तुमच्या सेवेस आनंदाने हजर’. आत साधी अमेरिकन कॉफी. १९६३ साली लेस्ली बक या माणसाने तो काढला. तो चित्रकार नव्हे, कप बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री विभागातला. शहरातली बरीच खानावळवजा कॉफीची दुकानं ग्रीक मालकांची, त्यांनी कप घ्यावेत म्हणून ही नक्षी. म्हणजे कपावर कॉफी नाहीच, दुकानदार आहे! मला हा लबाडपणा आवडतो, कारण त्यात कुणाचा अपमान नाही. व्हिएन्नाच्या युलियस माइन्ल या कॉफी कंपनीच्या चिन्हाचं तसं नाही. योझेफ बिंडर या चित्रकाराने १९२४ मध्ये लाल फेझ टोपीतला काळा मुलगा काढला. आकार इतका नेमका की आजही हेवा वाटतो, पण दुसऱ्याच्या मुलुखातून आलेलं पेय दाखवायला पोऱ्याच लागला. २००४ मध्ये त्यांनी तो चेहरा नुसता लाल केला. रंग बदलला, मान अजून खालीच.

मग आमच्या घरातली कॉफी कशी दिसते? चहा कुणालाही मिळायचा. कॉफी व्हायची ती व्याह्यांसाठी, शाळेच्या हेडमास्तरांसाठी, ताप उतरलेल्या माणसासाठी आणि दहावीच्या अभ्यासाला. उत्सवात देवळासमोर रात्रभर नाटक चालायचं, तेव्हाही पिंपभर. दूध जास्त, साखर त्याहून जास्त आणि वरून किसलेलं जायफळ. स्पेशालिटी कॉफीवाले नाक मुरडतील, मुरडू देत. या कॉफीचं चित्र मी अजून एकाही पाकिटावर बघितलेलं नाही.

प्रियोळच्या काकीने कुळागरातली, म्हणजे तिच्या पोफळीच्या बागेतली, जायफळं पाठवली होती, त्यातलं एक फळ टेबलावर उकललं. पिवळं फळ मधोमध फाटतं, आत काळीभोर चकचकीत बी आणि तिला लपेटलेली जायपत्री, रक्तासारखी लाल, जाळीदार. जाळीचा एकही धागा सरळ नाही, तरी बीवर कुठे ढिली नाही. सुकलेलं जायफळ आडवं कापलं तर फिकट गरात तपकिरी शिरा. स्कॅन करून पाचपट मोठं केलं आणि तपकिरीवरचा राग थोडा गेला. काळ्या पाकिटावर लाल जाळी ठेवून बघितली. टाइल्सपेक्षा कितीतरी आमची.

काकीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, “सुरेख काढलंस गो, पण लोक गरम मसाला म्हणून उचलतील. आणि आत जायफळ आहे का?”

नाही ना! लेबलावर कॉफी-चिकोरीचं प्रमाण टक्क्यांत छापायचं, शाकाहाराचा हिरवा ठिपका ठरलेल्या मापाचा ठेवायचा, इतके नियम पाळायचे आणि दर्शनी भागावर आत नसलेली वस्तू मिरवायची, हे चालणार नाही. ग्राहकाची फसवणूकच ती. मग जाळी पुढून काढून टाकली. मागच्या बाजूला किसणी, कपबशी आणि एक ओळ: ‘दूध उकळल्यावर कॉफी घाला, वर जायफळ किसा.’ पुढे फक्त लाल-काळा, मोठ्या अक्षरांत नाव आणि कडेने जायफळाच्या शिरांवरून काढलेल्या बारीक रेघा. कुणाला लाकूड वाटेल, कुणाला घाटाचा नकाशा. वाटू दे.

मालकांना दोन्ही पाठवलेत, टाइल्सवालाही. त्यांनी टाइल्स निवडल्या तर करून देईन, बिल तेवढंच. मात्र दोन्हींत एक अडचण आहे. ताज्या भाजलेल्या कॉफीतून वायू निघत राहतो म्हणून पाउचला एकदिशा व्हॉल्व्ह लागतो, आणि डायलाइनवर, म्हणजे पाउच कापण्या-दुमडण्याच्या आराखड्यावर, तो बरोब्बर नावाच्या ‘फी’वर आलाय. उद्या पाउचवाल्याला फोन करून तो दोन सेंटिमीटर वर सरकवता येतो का विचारायचं. नाही म्हणाला तर नावच खाली घ्यावं लागेल, मग किसणीची ओळ सहा पॉइंटमध्ये बसवायची की काकीची कपबशी छोटी करायची, ते बघू.