डेबियन ११ वरून १२: आधी बाहेरच्या पॅकेजेसचा निकाल

गाळप हंगाम आटोपल्यावर एका साखर कारखान्याचा सर्व्हर डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या ११ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर न्यायचं काम हाती आलं. वजनकाट्याच्या पावत्या, ऊसबिलं, सगळं त्याच मशीनवर. डेबियनची स्वतःची पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) अशा अपग्रेडमध्ये सहसा त्रास देत नाहीत. घोडं अडतं ते बाहेरून आणलेल्या पॅकेजेसपाशी. म्हणून सकाळ त्यांच्या यादीला दिली.

ही यादी बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजेसची ऑनलाइन भांडारं) बंद करण्याआधीच करायची. आधी बंद करून ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या टूलचं अपडेट चालवलं, तर ती पॅकेजेस नुसती ‘लोकल’ दिसतात आणि कुठून आली याचा माग राहत नाही. ॲप्ट लिस्टला ‘इन्स्टॉल आहे, पण ओरिजिन डेबियन नाही’ अशी अट दिली आणि एकेका नावावर ॲप्ट-कॅश पॉलिसी चालवून उगम लिहून ठेवला. तीन गट निघाले: सुरी या बाहेरच्या रिपॉझिटरीतलं पीएचपी ८.१ (वेब ॲपची भाषा), बॅकपोर्ट्समधली (नवी व्हर्जन्स, पण जुन्या डेबियनसाठी बांधलेली) थोडी पॅकेजेस, आणि डीपीकेजीने (ॲप्टच्या खालचं टूल) थेट बसवलेला एक बॅकअप एजंट. होल्डवर (अपग्रेडपासून रोखून ठेवलेलं) काही नव्हतं, डीपीकेजीच्या ऑडिटमध्येही काही अर्धवट निघालं नाही.

बॅकपोर्ट्सची काळजी नव्हती. त्यांच्या व्हर्जनच्या शेवटी ‘~बीपीओ११’ असं शेपूट असतं, आणि डेबियनच्या हिशेबात ‘~’ हे चिन्ह ‘पुढे काहीच नाही’ यापेक्षाही खाली धरतात. त्यामुळे तेच व्हर्जन १२ मध्ये आलं की ते वरचढ ठरतं आणि पॅकेज मुकाट्याने बदलतं. सुरीचं नेमकं उलट. पीसीआरई२ ही मजकुरात नमुने शोधणारी लायब्ररी डेबियन १२ मध्ये १०.४२-१ आहे. सर्व्हरवर सुरीची होती ती १०.४२-१+०~ अशी सुरू होणारी, पुढे तारीख आणि डेबियन ११ ची खूण. ‘+’ वर मोजला जातो, म्हणून ॲप्टच्या लेखी जुन्या डेबियनसाठी बांधलेली हीच लायब्ररी नवी. अपग्रेड बिनबोभाट पार पडतं आणि ती तशीच बसून राहते. सर्व्हरच्या क्लोनवर रंगीत तालीम केली तेव्हा हे स्पष्ट दिसलं.

अशा लायब्रऱ्यांसाठी ॲप्टच्या प्रेफरन्सेस फाइलमध्ये नावानिशी पिन (कुठलं व्हर्जन घ्यायचं हे ठरवणारा नियम) लिहिली: रिलीज बुकवर्म (डेबियन १२ चं नाव), प्रायॉरिटी १००१. हजाराच्या खाली असेल तर ॲप्ट डाउनग्रेड करत नाही. काम झालं की ही फाइल त्याच दिवशी काढायची. सिक्युरिटीचे अपडेट बुकवर्म-सिक्युरिटी या वेगळ्या नावाने येतात; पिन राहिली तर ते त्या लायब्रऱ्यांपर्यंत वेळेवर पोचणार नाहीत. हा धोका मला पीसीआरईच्या गोंधळापेक्षा मोठा वाटतो.

अपग्रेडचा क्रम नेहमीचाच. एटीसी (सेटिंग्जचं फोल्डर), डीपीकेजीची स्थिती आणि डेटाबेस यांचा बॅकअप, मग टीमक्सच्या (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणाऱ्या) सेशनमध्ये सोर्सेस (रिपॉझिटरींची यादी) बदलून आधी नवी पॅकेजेस न आणता अपग्रेड, नंतर फुल-अपग्रेड. फर्मवेअर लागत असेल तर नॉन-फ्री-फर्मवेअर हा १२ मधला नवा विभाग सोर्सेसमध्ये घालावा लागतो. पीएचपी ८.२ एफपीएम (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणारा भाग) नाव घेऊन बसवलं. पूलची फाइल आणि आयएनआयमधले बदल ८.१ च्या फोल्डरातून हाताने आणावे लागतात, आणि एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सॉकेटचा (एफपीएमशी जोडणीचा) पत्ता बदलावा लागतो. तो राहिला की साइटवर ५०२ एरर.

डेटाबेस सर्व्हर पोस्टग्रेस १३ च्या शेजारी १५ येऊन बसतं, डेटा मात्र १३ मध्येच असतो. १५ चं रिकामं मेन क्लस्टर (डेटाबेसचा संच) उडवून पीजी-अपग्रेडक्लस्टर चालवलं. ते मुळात डंप-रिस्टोअर (डेटा उतरवून नव्यात परत भरणं) करतं, म्हणून डिस्कवर डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीपुरती जागा आधी पाहून ठेवली होती.

राहिला बॅकअप एजंट. तो ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरच्या लिबएसएसएल १.१ या लायब्ररीवर टेकलेला, आणि डेबियन १२ मध्ये आहे ओपनएसएसएल ३. जुनी लायब्ररी अपग्रेडनंतरही टिकते, एजंट चालतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. पण ओपनएसएसएल १.१.१ चा आधार सप्टेंबर २०२३ मध्येच संपला. कॉन्फिग बाजूला ठेवून एजंट अपग्रेडआधीच काढला होता. त्याच्या उत्पादकाचं १२ साठीचं पॅकेज बसवलं, पूर्ण बॅकअप घेतला, त्यातून पावत्यांचं एक टेबल दुसऱ्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करून ओळी जुळवल्या. मगच ऑटोरिमूव्ह (आता न लागणारी पॅकेजेस काढणं) चालवलं, लिबएसएसएल १.१ त्या यादीत होतं.