अथेन्स की स्पार्टा? तुम्ही विचारलंत म्हणून

प्राचीन ग्रीसचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. शाळेत शिकवत होतो तेव्हा मुलं विचारायची, आता निवृत्तीनंतर कट्ट्यावरचे मित्र विचारतात: "सर, तुम्ही कुणाच्या बाजूचे? अथेन्स की स्पार्टा?" जणू क्रिकेटचा सामना चाललाय. मी म्हणतो, प्लाटियाच्या. मग समोरच्याचा चेहरा पडतो, कारण हे नावच त्याने ऐकलेलं नसतं.

प्लाटिया हे थीब्ज या बलाढ्य नगरराज्यापासून जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवरचं छोटं नगरराज्य. थीब्जला ते आपल्या पंखाखाली हवं होतं, यांना ते नको होतं. संरक्षण मागायला ते आधी गेले स्पार्टाकडेच. स्पार्टाने सांगितलं, आम्ही पडलो लांब, तुम्ही अथेन्सला धरा. त्यांनी अथेन्सला धरलं आणि शब्द पाळला. इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर इराणी फौजेसमोर अथेन्सच्या शेजारी उभं राहायला आले ते एकटे प्लाटियाकर.

इ.स.पू. 431 च्या वसंतात थीब्जची तीनशेवर माणसं रात्रीच्या पहिल्या प्रहरात गावात शिरली. दार आतल्याच फितुरांनी उघडलं होतं. महिनाअखेर होती, म्हणजे काळोख. ग्रीकांचा महिनाही आपल्यासारखाच अमावस्येला संपायचा. त्यात पाऊस. गावकऱ्यांनी आधी मान तुकवली. मग अंधारात अंदाज आला की आलेत ते मूठभर. एकमेकांच्या घरांमधल्या भिंती आतून फोडून ते एकत्र जमले, रस्त्यांवर गाड्या आडव्या लावल्या आणि पहाटेच्या आधी तुटून पडले. छपरांवरून बायका आणि गुलाम कौलं, दगड फेकत होते. परक्या गावातल्या चिखलात थीब्जवाले वाट चुकले. बरेच जण वेशीचं दार समजून एका मोठ्या इमारतीत शिरले आणि आयतेच कोंडले गेले. हाती लागलेले 180 कैदी प्लाटियाकरांनी मारून टाकले. थांबा, मारू नका, असं सांगायला अथेन्सचा माणूस पोचला तेव्हा उशीर झाला होता. माझी बाजू सांगताना हे 180 मी गाळत नाही.

यानंतर अथेन्स आणि स्पार्टाचं युद्धच पेटलं; थीब्ज स्पार्टाच्या बाजूला. दोन वर्षांनी स्पार्टाचा राजा आर्किडेमस फौज घेऊन प्लाटियाच्या दारात उभा राहिला. त्याची अट ऐका: गाव आणि जमीन आमच्याकडे सोपवा, झाडं मोजून द्या, लढाई संपली की सगळं जसंच्या तसं परत करू. प्लाटियाकरांनी अथेन्सला विचारलं. अथेन्स म्हणालं, सोडू नका, आम्ही आहोत. वेढा फोडायला मात्र कुणी आलं नाही.

आत उरले होते 400 गावकरी, 80 अथेन्सकर आणि भाकरी भाजायला 110 बायका. स्पार्टाच्या बाजूने तटाला टेकून मातीचा उतार रचला जात होता, तर हे आतून भुयार खणून खालची माती पळवत होते. बाहेरचे भर घालतात, ढीग काही वाढत नाही! शेवटी स्पार्टाने नाद सोडला आणि गावाभोवती दुहेरी भिंत बांधून उपासमारीवर भिस्त ठेवली.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात आतल्यांनी भिंत ओलांडायचं ठरवलं. शिडी किती उंच हवी? भिंतीचा जो भाग गिलाव्याविना राहिला होता, तिथल्या विटांचे थर त्यांनी लांबून मोजले. एकाने नव्हे, अनेकांनी, पुन्हा पुन्हा; एखाद्याचं चुकेल, बहुतेकांचं बरोबर येईल म्हणून. या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसने हे इतक्या तपशिलात लिहून ठेवलंय की वर्गात शिकवताना माझा तास नेहमी इथेच संपायचा. वादळी रात्री ते निघाले, चिखलात पाय घसरू नये म्हणून फक्त डाव्या पायात पायताण घालून. आधी मुद्दाम थीब्जच्या रस्त्याने गेले, कारण शत्रूच्या गावाकडे कोण पळेल? तिथून वळून 212 जण अथेन्सला पोचले.

मागे राहिलेल्यांनी इ.स.पू. 427 च्या उन्हाळ्यात शरणागती पत्करली. स्पार्टाहून पाच न्यायाधीश आले. आरोपपत्र नाही, एकच प्रश्न: या युद्धात तुम्ही स्पार्टासाठी आणि तिच्या मित्रांसाठी काय केलंत? एकेकाला पुढे बोलावून तोच प्रश्न. उत्तर 'काही नाही', की ने आणि मार. किमान दोनशे प्लाटियाकर आणि 25 अथेन्सकर असे गेले. बायका गुलामगिरीत, गाव जमीनदोस्त, आणि जमीन भाड्याने थीब्जच्या लोकांना.

"म्हणजे सर, तुम्ही अथेन्सचेच झालात," असं इथे कुणीतरी म्हणतंच. त्याच उन्हाळ्यात अथेन्सविरुद्ध बंड केलेल्या मिटिलीनी या नगराच्या सगळ्या पुरुषांना मारायचा ठराव अथेन्सच्या लोकसभेने केला होता. दुसऱ्या दिवशी तो फिरवला, हे खरं. पण इ.स.पू. 421 मध्ये स्किओनी नावाचं बंडखोर गाव पडलं, तेव्हा काहीच फिरवलं नाही. पुरुष मारले, बायकामुलं विकली. आणि ती रिकामी जमीन वसायला दिली कुणाला? प्लाटियाच्या निर्वासितांना. त्यांनी ती घेतली. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून चहा करायला उठलो होतो.

युद्धाच्या शेवटी स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने स्किओनीच्या उरल्यासुरल्या लोकांना त्यांचं गाव परत दिलं. प्लाटियाकर पुन्हा अथेन्समध्ये. त्यानंतरच्या एका खटल्यातलं भाषण आज वाचायला मिळतं. त्यात एक धोबी सांगतो, मी प्लाटियाचा. खरं-खोटं करायला फिर्यादी जातो ताज्या चीजच्या बाजारात, कारण दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्लाटियाकर तिथे जमायचे. तो एकेकाला विचारतो. धोब्याला कुणीच ओळखत नाही. एक जण तेवढा म्हणतो, या नावाचा नागरिक मला माहीत नाही, पण या नावाचा माझा एक गुलाम पळून गेलाय. त्याने सांगितलेलं वय आणि कामही धोब्याशी जुळतं.