३५ पीपीएमच्या दोन व्हिस्की

धुरकट सिंगल माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून (माल्ट) एकाच कारखान्यात केलेल्या व्हिस्कींची, तुलना करायला बसण्यापूर्वी मी एक तक्ता तयार केला होता, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ त्या तक्त्यातच होते. त्यात चार बाटल्यांची नावे आणि प्रत्येकीसमोर फिनॉलचा, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या संयुगांचा, पीपीएममधला (दहा लाख भागांत किती भाग) आकडा लिहिला होता: दहा वर्षांच्या आर्डबेगसमोर साधारण ५५, दहा वर्षांच्या लफ्रॉइगसमोर ४० ते ४५, आणि सोळा वर्षांची लागाव्हूलिन व बारा वर्षांची कुल ईला या दोघींसमोर ३५. चारही व्हिस्की स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयला बेटावरच्या. आकडा जितका मोठा तितका धूर जास्त, असा सरळ हिशेब मी धरला होता आणि जिभेने त्यावर फक्त शिक्कामोर्तब करायचे होते.

पहिली संध्याकाळ वाया गेली. तोंड ताजे असतानाच सर्वांत उग्र व्हिस्कीला न्याय मिळेल, या समजुतीने मी आर्डबेगपासून सुरुवात केली. ४६ टक्के अल्कोहोल आणि त्यासोबत डांबर-काजळीचा मारा झाल्यावर कुल ईला जवळजवळ पाण्यासारखी लागली आणि मी वहीत 'धूर नाही' असे लिहून मोकळा झालो, जे धादांत चूक होते. भरीत भर म्हणजे बसण्यापूर्वी मी सुवासिक साबणाने हात धुतले होते, त्यामुळे पेला नाकाशी नेला की आधी माझ्या बोटांचाच वास येत होता. ते पान मी फाडून टाकले.

मग शिस्त लावली. ट्यूलिपच्या आकाराचे चार सारखे पेले, प्रत्येकात १५ मिली, तळाला चिकटवलेला क्रमांक, आणि ओतण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे. कोणत्या पेल्यात काय आहे हे मला शेवटपर्यंत कळू द्यायचे नाही. हाच प्रयोग तीन संध्याकाळी, दरवेळी क्रम बदलून केला. आधी चारही पेल्यांचा फक्त वास घ्यायचा, तोही पेला थोडा दूर धरून आणि ओठ किंचित उघडे ठेवून, कारण तोंड मिटून खोल श्वास घेतला की अल्कोहोलच नाकात झिणझिणतो आणि त्यामागचे काहीच हाती लागत नाही. त्यानंतर अगदी लहान घोट, मग साधे पाणी आणि पाच मिनिटांची विश्रांती. कंटाळवाणे आहे खरे, पण त्याला पर्याय नाही.

लफ्रॉइग मी तिन्ही वेळा अचूक ओळखली, आणि त्यात माझे कौतुक काहीच नाही: टिंक्चर आयोडीन, नुकतीच उघडलेली बँडेजची गुंडाळी आणि मागे ओले समुद्री शेवाळ, असा वास दुसऱ्या कोणत्याच पेल्यात नव्हता. तिथे ऊर्ध्वपातनाचा सुरुवातीचा भाग बराच वेळ बाजूला काढला जातो. फळांसारखे गोड वास बहुतांशी त्यातच निघून जातात आणि औषधी बाजू उघडी पडते.

पंचाईत झाली ती ३५ च्या जोडीमुळे. या दोघींसाठी माल्ट येतो तो एकाच, पोर्ट एलनच्या माल्ट कारखान्यातून. पिंपात वर्षे वाढतात तसा धूर ओसरतो, म्हणजे सोळा वर्षांची लागाव्हूलिन उलट सौम्य लागायला हवी होती. प्रत्यक्षात क्रमांक उलगडले तेव्हा ती दोनदा आर्डबेगच्याही वर निघाली, आणि कुल ईला तिन्ही वेळा शेवटी. दोघींचे अल्कोहोलही सारखेच, ४३ टक्के.

उत्तर तक्त्याच्या मथळ्यातच होते. तो आकडा वाळवलेल्या माल्टचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नसतो, आणि मधल्या प्रक्रियेत फिनॉलचा बराच भाग गळतो. जड फिनॉल ऊर्ध्वपातनात उशिरा येतात, म्हणून बाहेर येणाऱ्या मद्यातला पिंपात भरायचा भाग कुठे तोडला यावर पुष्कळ ठरते. ऊर्ध्वपातनाच्या तांब्याच्या भांड्याचा आकारही महत्त्वाचा: कुल ईलाच्या मोठ्या भांड्यांत वाफेला तांब्याचा भरपूर सहवास मिळून मद्य हलके उतरते, तर लागाव्हूलिनची भांडी बुटकी, पेअरच्या आकाराची आहेत आणि तिथे काम संथपणे चालते. आर्डबेगच्या भांड्याला तर प्युरिफायर जोडलेला आहे, जो जड वाफ थंड करून पुन्हा भांड्यात परतवतो. ५५ चा धाक दाखवूनही तिच्यात लिंबाचा स्वच्छ आंबटपणा का टिकतो, हे मला तेव्हा उमगले.

शेवटच्या संध्याकाळी ड्रॉपरने पाणी घालून पाहिले. धुराच्या वासाला कारणीभूत असलेला ग्वायाकॉल हा रेणू, अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर द्रवाच्या पृष्ठभागाशी गोळा होतो, असे स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीवरून दाखवले होते. आर्डबेगमध्ये चार-पाच थेंबांनी धूर खरोखरच वर आला. लागाव्हूलिनमध्ये मात्र चमचाभर पाणी ओतण्याचा उतावीळपणा केला आणि तिचा सुकामेव्यासारखा भरीव गोडवा पार पातळ करून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामे, वाळलेले पेले हुंगले. लफ्रॉइगच्या पेल्यातले औषध उडून गेले होते, आणि जिला मी एकदा 'धूर नाही' म्हटले होते त्या कुल ईलाच्या पेल्यात विझलेल्या शेकोटीची राख अजून स्पष्ट येत होती.