नोटीस बजावेपर्यंत: मुलीच्या पोटगीचा माझा अनुभव

मुलीच्या पोटगीचा आदेश झाला, पैसेही सुरू झाले, पण पुण्याकडच्या त्या एका पोलीस ठाण्याचा विषय निघाला की अजून माझा संताप होतो. म्हणूनच हे लिहायला बसले. पोटगीची केस म्हटलं की लोक विचारतात, वकील कोण दिला, किती मागितले, जज्जसाहेब कसे आहेत. नोटीस बजावली का, म्हणजे ती समोरच्याच्या घरी रीतसर पोचली का, हे कुणीच विचारत नाही. माझा सगळा काळ मात्र तिथेच गेला.

आधी मागचं थोडक्यात. मी माहेरी, सातारा तालुक्यात राहते. मुलगी तिसरीत आहे. तिचे वडील पुण्याजवळ कंपनीत कामाला. घटस्फोट झालेला नाही, मी मागितलेलाही नाही. आधी घटस्फोट आणि मग पोटगी, असं बऱ्याच जणींच्या डोक्यात असतं आणि त्यात वर्षं जातात. मुलांसाठीचा अर्ज घटस्फोटावाचून करता येतो, आणि आपण राहतो तिथल्याच कोर्टात करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे कलम १२५. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तेव्हापासून ते कलम १४४ झालं. टायपिंगवाल्यापासून गावातल्या जाणत्यांपर्यंत सगळे अजून 'एकशेपंचवीस'च म्हणतात, गोंधळून जाऊ नका.

वकील मला मोफत मिळाला. सदर बझारला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. "तू पतसंस्थेत नोकरीला, पगार बघून परत पाठवतील," असं भाऊ म्हणत होता. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला आणि मुलाला उत्पन्नाची अटच नाही. साधा अर्ज, आधारकार्ड, लग्नाचा पुरावा, मुलीचा जन्मदाखला, एवढ्यावर काम झालं. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते, आणि फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे. फुकटचा वकील नावापुरता असतो असं बोललं जातं. मला मिळालेल्या वकीलबाईंनी मन लावून काम केलं, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

त्यांनी मूळ अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा (म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीचा) अर्ज आणि माझं उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र लावलं. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात हे शपथपत्र दोन्ही बाजूंना बंधनकारक केलंय. त्यात स्वतःचा पगार अजिबात लपवू नका. आई कमावते म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही, मुलीचा हक्क तिचा स्वतःचा असतो. मी माझा पगार, कर्जाचा हप्ता, शाळेची फी, व्हॅनचे पैसे, मुलीच्या दम्याची औषधं, सगळं पावत्यांसकट लिहून दिलं.

कोर्टाने मुलीच्या वडिलांच्या नावे नोटीस काढली, ती बजावायला तिकडच्या पोलीस ठाण्याकडे गेली आणि इथून खरी कहाणी सुरू झाली.

पहिल्या तारखेला पुकारा झाला, समोरून कुणी नाही. नोटिशीचा अहवालही नाही. पुढची तारीख. तेव्हाही तेच. मी रजा टाकून, मुलीला आईकडे ठेवून यायचं, व्हरांड्यात दुपारपर्यंत बसायचं आणि नवी तारीख घेऊन जायचं. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायद्यात आहे, हे वाचून मी शाळेच्या दुसऱ्या हप्त्याची जुळणी त्यावर करून ठेवली होती. मग वकीलबाईंनी समजावलं, की ते साठ दिवस नोटीस बजावल्याच्या तारखेपासून धरायचे. म्हणजे नोटीस पोलीस ठाण्यात पडून राहिली, तर साठातला पहिला दिवससुद्धा उजाडत नाही. कायद्याने मुदत घातली ती नेमकी त्याच्या पुढच्या टप्प्याला, आणि बाईमाणूस अडकते ती त्याच्या आधी. मला आजही हे पटत नाही.

शेवटी अहवाल आला. समन्सच्या, म्हणजे त्याच नोटिशीच्या, मागे निळ्या शाईत दोन ओळी: "सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही. सबब समन्स विनाबजावणी परत." खाली सही, शिक्का. त्याच महिन्यात त्याच फ्लॅटमधल्या गणपतीचे फोटो मुलीच्या वडिलांनी स्टेटसला लावले होते. मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा मी घेतलेलं. आणि सरकारी कागद म्हणतोय, माणूस मिळून येत नाही.

वकीलबाईंनी नवीन नोटीस मागितली आणि मला एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येकीने लिहून ठेवावी: कोर्टातून नोटीस बाहेर पडली की त्या विभागातल्या कारकुनाकडून जावक क्रमांक आणि तारीख घ्यायची. नोटीस कुठल्या पोलीस ठाण्याला गेली तेही विचारायचं. नुसतं "नोटीस पाठवली" यावर थांबायचं नाही.

तो क्रमांक घेऊन मी आणि अण्णा स्वारगेटच्या गाडीने निघालो. (एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, या केसच्या काळात त्याचा फार आधार झाला.) ठाण्यात गेलो तर समन्स-वॉरंट बघणारे हवालदार बंदोबस्ताला गेलेले. कधी येतील माहीत नाही. बाकड्यावर बसून राहिलो. ते आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, तुमचं समन्स आमच्याकडं आलेलंच नाही." मी जावक क्रमांक पुढे केला. मग आवक नोंदवही निघाली, बोट फिरवत फिरवत एका पानावर थांबलं. समन्स आलेलं होतं. गठ्ठ्यात होतं.

"गेलो होतो की मी. घरात फक्त म्हातारी होती. बाईमाणसाकडं समन्स देता येत नाही."

जुन्या कायद्यात तसंच होतं. माणूस सापडला नाही तर घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच द्यायचं, असं लिहिलेलं होतं. नव्या संहितेच्या कलम ६६ मध्ये 'पुरुष' हा शब्द काढलाय. त्याच्यासोबत राहणारी घरातली कुणीही सज्ञान व्यक्ती चालते, बाई असली तरी. घरातला नोकर तेवढा चालत नाही. आणि तसंही जमलं नाही, तर कलम ६७ प्रमाणे घराच्या दर्शनी भागावर समन्स डकवता येतं. वकीलबाईंनी त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे देऊन ठेवली होती. मी ती हवालदारांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली, आत साहेबांकडे नेली आणि बाहेर येऊन म्हणाले, "जातो उद्या."

उद्या काही ते गेले नाहीत. मी फोन करत राहिले, कधी उचलला, कधी नाही. तारीख तोंडावर आली तसा वकीलबाईंनी कोर्टात अर्ज दिला: फ्लॅटचा पत्ता, कंपनीचा पत्ता आणि गावाकडच्या घराचा पत्ता, तिन्हींवर नोटीस काढावी, पोलिसांबरोबर रजिस्टर पोस्टानेही काढावी, आणि कुणीच भेटलं नाही तर डकवण्याची परवानगी असावी. अर्जाला स्टेटसच्या फोटोंच्या प्रिंटा लावल्या. कोर्टाने तो मंजूर केला. मी परत पुण्याला गेले.

यावेळी बजावली. परत आलेल्या प्रतीच्या मागे सासूबाईंची सही होती, अक्षरं सुटी सुटी, 'बाई' मधला काना ओळीच्या खाली उतरलेला. ती सही बघून मला कोर्टातच रडू आलं. त्या बाईबद्दल माझ्या मनात काही नाही. पण माझ्या लेकीच्या हक्काचं दार त्या एका सहीने उघडलं, आणि ती सही पहिल्याच खेपेला घेता आली असती.

कुणी म्हणेल, समोरचा येत नाही तर एकतर्फी आदेश का नाही घेतला? मीही हाच आग्रह धरला होता. मुद्दाम टाळतोय असं कोर्टाला पटलं तर एकतर्फी चालवता येतं हे खरं. पण सबळ कारण दाखवून तीन महिन्यांत तो आदेश रद्द करून मागता येतो, आणि नोटीस धड बजावलेली नसणं याहून सबळ कारण कुठलं? परत पहिल्यापासून खेळ. म्हणून बजावणी पक्की हवी.

पुढचं भराभर झालं. पुढच्या तारखेला मुलीचे वडील वकिलासह हजर. "ती कमावते" हा मुद्दा आलाच, टिकला नाही. त्यांच्या शपथपत्रात ओव्हरटाइम धरला नव्हता. वकीलबाईंनी बँकेचा उतारा मागवून घेतला आणि तो आकडा समोर आला. मुलीला महिना सात हजार अंतरिम पोटगी मंजूर झाली, तीही अर्जाच्या तारखेपासून. रजनेश-नेहा निकालातच अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं म्हटलंय. म्हणजे नोटीस फिरत होती त्या महिन्यांचे पैसेही मुलीला धरले गेले. म्हणून सांगते, 'जरा वाट बघू, समजुतीने मिटेल' म्हणत बसू नका. बोलणी चालू ठेवा हवं तर, पण अर्ज टाकून मग बोला.

अजून काही आठवतंय ते सांगते. फोनवर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या. केसला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो, तो टाकला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते दिसतं. ठाण्यात एकटीने जाऊ नका. पालखी, गणपती, निवडणूक या दिवसांत तर जाऊच नका, सगळे बंदोबस्ताला असतात. ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव आणि वेळ वहीत लिहा, पुढच्या अर्जात ते उपयोगी पडतं. आणि आदेशात पैसे कुठल्या खात्यात, महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत, हे स्पष्ट लिहून मागा.

एक मुदत मात्र अजिबात चुकवायची नाही. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज, ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. त्यात कोर्ट वॉरंट काढू शकतं, आणि तरीही भरली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं. आमचे चालू महिन्याचे पैसे येतात, मागची थकबाकी अजून पूर्ण आलेली नाही. तिचा अर्ज आम्ही मुदतीत टाकलाय. सोबत मुलीच्या खात्याचं पासबुक भरून जोडलंय, म्हणजे कुठल्या महिन्याचे आले आणि कुठल्याचे राहिले ते सरळ दिसतं. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.